इंजिन ऐकलं, मागचं डिफरन्शियल तपासलं का?

जपानमध्ये वापरून झालेल्या मित्सुबिशी डेलिका व्हॅन आज न्यूझीलंड, ब्रिटन आणि कॅनडात हौसेने घेतल्या जातात. कॅनडात 15 वर्षं जुनी गाडी आयात करायला मोकळीक आहे, अमेरिकेत 25 वर्षं. त्यामुळे 1994 मध्ये आलेली ‘स्पेस गिअर’ पिढी तिथेही पोहोचली आहे. तिचं 2.8 लिटरचं डिझेल इंजिन आपल्याला पजेरो एसएफएक्समुळे ओळखीचं. गिऱ्हाईक ते इंजिन कान देऊन ऐकतं, वाकून चासीचा गंज बघतं. मागच्या अ‍ॅक्सलवरच्या लोखंडी हाउसिंगची चौकशी मात्र क्वचितच होते. चिखलातून गाडी निघणार की नाही, हे अनेकदा तिथेच ठरतं.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. पण साध्या डिफरन्शियलमध्ये एक खोट आहे. ते दोन्हीकडे जवळपास सारखाच जोर देतं आणि तो किती, हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. एक चाक निसरड्यात गरगरलं की कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच दुबळा जोर मिळतो. फोर व्हील ड्राइव्ह असूनही पुढचं एक आणि मागचं एक चाक नुसतं फिरत राहतं, गाडी जागची हलत नाही.

यावरचा उपाय मोटारींच्या शर्यतीतून आला. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांचं मागचं चाक असंच गरगरत असे, तेव्हा फर्डिनांड पोर्शे यांनी 1935 मध्ये झेडएफ कंपनीकडे लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचं, म्हणजे एलएसडीचं काम सोपवलं. आज याचे मुख्य प्रकार तीन: क्लच प्लेटांचा, तिरप्या दात्यांच्या गिअरांचा आणि सिलिकॉन द्रवावर चालणारा व्हिस्कस. सगळ्यात जास्त निगा प्लेटवाल्याला लागते. त्यात एकाआड एक रचलेल्या प्लेटा दाबाखाली असतात. एक चाक पळू लागलं की त्यांचं घर्षण त्याला आवरतं आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो.

ऑइल हाच प्राण

या प्लेटा ऑइलमध्ये भिजूनच काम करतात. त्यांना सहसा जीएल-5 दर्जाचं, एलएसडीसाठी बनवलेलं ऑइल लागतं. त्यातल्या खास अ‍ॅडिटिव्हमुळे प्लेटा एकमेकींवर सुरळीत सरकतात. ते नसेल तर त्या अडकत-सुटत राहतात आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर मागून गुरगुर, थरथर जाणवते. ही तपासणी टू व्हील ड्राइव्हमध्ये करावी, नाहीतर फोर व्हीलमधला ताणच दोष वाटेल. असा आवाज बऱ्याचदा योग्य ऑइल भरून आणि मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकाराच्या सावकाश फेऱ्या मारून थांबतो.

खरी काळजी शांततेची करावी. प्लेटा पार झिजल्या की एलएसडी कुरकुर न करता साध्या डिफरन्शियलसारखं वागू लागतं. म्हणून सपाट जागी पुढच्या चाकांना अडसर लावा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल करा आणि मागची दोन्ही चाकं भक्कम स्टँडवर उचला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर प्लेटांत दम आहे. उलट फिरलं तर एकतर एलएसडी नाहीच, किंवा प्लेटा संपल्या आहेत. व्हिस्कसला आणि गिअरवाल्याला ही परीक्षा लागू पडत नाही. आणि एकच चाक उचलून गाडी गिअरमध्ये कधीही चालवू नका: जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून ढकलून देऊ शकतं.

बोल्ट खोलल्यावर

ऑइल बदलताना आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो जाम असेल आणि खालचा उघडून बसलात, तर रिकाम्या हाउसिंगसकट गाडी अडकते. खालच्या प्लगवर चुंबक असेल तर त्यावरचा करडा, लोण्यासारखा मऊ थर नेहमीचा समजा. बोटाला टोचणारे कपचे मात्र दात तुटल्याची खूण. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. नदी-ओढ्यातून नेलेल्या गाडीत अ‍ॅक्सलचा ब्रीदर तुंबला की तापलेलं हाउसिंग थंड होताना सीलमधून पाणी ओढून घेतं.

टायरही महत्त्वाचे. मागे एक नवा आणि एक झिजलेला टायर असेल, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही चाकांची गती वेगळी राहते आणि प्लेटा विनाकारण घासत राहतात. म्हणून जोडी एकाच मापाची, एकाच झिजेची हवी.

जुनी व्हॅन घेताना मालकाला थेट विचारा: मागचं ऑइल कधी बदललं, कोणतं भरलं? पावती नसेल तर एलएसडीची हमी धरू नका आणि दुरुस्तीची रक्कम किमतीतून वजा करूनच सौदा करा.