घर आटोपशीर, सुई हातात, पिशवी खांद्यावर



गटाच्या बैठकीत बचतीचा आणि कर्जफेडीचा हिशोब झाला, वही मिटली, की गप्पांत तीन गोष्टी हमखास निघतात. शिवण अर्धवट पडलंय. घरात पाय ठेवायला जागा नाही. आणि कुठं म्हणून जाता येत नाही. या तीन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण आम्हाला त्या एकाच दोऱ्यात ओवलेल्या दिसतात. घरात वस्तू फार, आणि कुठली कुठं ठेवलीय हे फक्त बाईला ठाऊक. मग ती चार दिवस घर सोडणार कशी, आणि निवांत बसून शिवणार तरी कधी?

सुरुवात घरापासून करू. आपल्या गावांत आता बरीच कुटुंबं घरकुलात राहायला गेलीत. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं असतं. त्यातच स्वयंपाकाची जागाही आली. जुन्या घराला पडवी होती, माळा होता, मागं परसू होतं. तिथलं सगळं सामान इथं मावत नाही. सून म्हणते, "टाकून द्या." सासूबाई म्हणतात, "माझ्या माहेरचं आहे." वाद सामानाचा दिसतो, पण खरा प्रश्न असतो ठरवणार कोण याचा.

म्हणून आमच्या गटांनी एक नियम केला आहे: ज्याची वस्तू, त्याचा शब्द. आजींची पेटी आजींसमोरच उघडायची, त्या शेतावर गेल्या असताना नाही. एकेक वस्तू त्यांच्या हातात द्यायची आणि विचारायचं, "आत्या, हे कुणाला द्यायचं?" बहुतेक वेळा त्यांच्या मनात नाव तयार असतं. आपल्या हातानं नातीला दिलेला तांब्या आणि मागं न विचारता भंगारात गेलेला तांब्या, यांत फार अंतर आहे.

आवरताना चार ढीग करा. पहिला, रोज लागणाऱ्या वस्तूंचा. दुसरा, सणावारी लागणाऱ्यांचा. तिसरा, सगळ्यांनी मिळून वापरता येतील अशा वस्तूंचा. लग्नाकार्याची मोठी पातेली प्रत्येक घरात कशाला? गटाकडं एक संच ठेवला तरी भागतं. चौथा ढीग जुन्या कपड्यांचा. तो बोहारणीला देण्याआधी थोडं थांबा. कपडे देऊन आपण स्टीलचा डबा घेतो, म्हणजे एक पसारा गेला आणि दुसरा आला!

तांब्या-पितळेची भांडी मोडीत काढायची असतील, तर आधी स्वतः वजन करा आणि दोन ठिकाणी भाव विचारा. पैसे आपल्या खात्यात भरा. घराची कागदपत्रं, रेशनकार्ड, सातबारा एका पिशवीत वेगळे ठेवा. घरकुल सहसा बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं. त्या कागदावर आपलं नाव आहे का, हे आवरताना डोळ्यांनी बघून घ्या.

आता सुई. चौथ्या ढिगातली सुती लुगडी गोधडीसाठी बाजूला काढा. ती धुऊन, खळ काढून, कडक उन्हात वाळवा. धड कापड वरच्या आणि खालच्या बाजूला, विरलेलं मधल्या थरांत. जमिनीवर ताणून अंथरा, आधी लांब कच्चे टाके घालून थर पक्के करा, मग कडेनं धावदोरा घालत आत या. सिंथेटिक साड्या गोधडीत घालू नका. त्या सरकतात आणि घाम टिपत नाहीत. त्यांच्या पिशव्या चांगल्या होतात.

लहान घरात शिवणाला शिस्त हवी. एक काम सुईवर, एक काम पिशवीत, तिसरं घ्यायचं नाही. आपलं शिवण घरातल्यांना पसारा वाटतो, कारण त्याचा हिशोब त्यांना दिसत नाही. तो लिहा. समजा, एका गोधडीला ५० तास लागले आणि गिऱ्हाईक १,००० रुपये म्हणालं, तर तासाला २० रुपये पडले. त्यातून दोऱ्याचे पैसे अजून जायचेत. हा आकडा आधी काढा, मग हो म्हणा.

आता पिशवी. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या पर्यटक जहाजांच्या जाहिराती आपण मोबाईलवर बघतो आणि हसून सोडून देतो. पण पाण्यावरचा प्रवास आपल्यालाही जमतो. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरचं दर्शन घ्यावं, दिघीला यावं, फेरीबोटीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरावं. तिथून जवळच राजपुरी आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा किल्ल्यावर जाता येतं. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतरचा काळ बरा. निघण्याआधी वेळा फोनवर विचारून घ्या.

खर्चाचंही बघू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना तिकिटात ५० टक्के सवलत सुरू झाली. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी २०२२ पासून मोफत प्रवास आहे. आधारकार्ड मात्र जवळ ठेवा. बारा जणींनी महिन्याला ५० रुपये काढले, तर वर्षाला ७,२०० रुपये होतात, म्हणजे प्रत्येकीला ६००. याची वही वेगळी ठेवा. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही.

वर्षाची आखणी अशी करता येते. दिवाळीच्या साफसफाईत ढीग करायचे. पौष-माघात प्रवास. फाल्गुनापासून ऊन चांगलं असतं, तेव्हा गोधड्या. मृग लागण्याआधी त्या शिवून, वाळवून घडी झालेल्या हव्यात. पावसाळ्यात फाटलं-उसवलं सांधायचं.

आणि निघण्याआधी आठ दिवस एक तालीम करा. डाळ-तांदळाचे डबे, औषधं, गुरांचं खाद्य, सगळ्याच्या जागा घरातल्यांना दाखवा. सामान कमी असेल तर हे एका संध्याकाळी होतं. "तू नसलीस की घर चालत नाही," असं कुणी म्हटलं की आपण सुखावतो. पण त्याच वाक्यानं आपण उंबऱ्याला बांधले जातो. घर आपल्यावाचून चार दिवस चाललं, तर आपली किंमत कमी होत नाही. आपण किती काम करतो, ते घरातल्यांना तेव्हाच कळतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक जुनं सुती लुगडं आणा आणि प्रवासाच्या वहीत पहिले ५० रुपये लिहा.