घोड्यांविना बुटके आणि बर्डीची टेकडी

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरच्या महाल भागात बहिणीकडे गेलो, तर भाचा संगणकासमोर डोकं धरून बसलेला. लढाईचा अजून पत्ता नव्हता, साहेबांची फौजभरतीच चालू होती. खेळ ‘टोटल वॉर: वॉरहॅमर’ आणि ह्याची बाजू बुटक्यांची. डोंगराच्या पोटात राहणारे, दाढ्या गुडघ्यापर्यंत, अंगावर जाड चिलखत. एका सैन्यात सरदार धरून वीस तुकड्या, एकविसावी नाही. खजिना बेताचा, आणि घेतलेल्या प्रत्येक तुकडीला दर फेरीत पगार.

“मामा, यायच्याकडे घोडेच नाहीत ना!”

“मग सगळे बंदूकवालेच घे.”

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “समोर आपलेच लोक उभे राहिले तर बंदूकवाला गोळी कशी झाडंन? आडधनुष्यवाल्याचा बाण डोक्यावरून जाते.”

चौदा वर्षांच्या पोराने एका वाक्यात मला गप्प केलं. पण ‘सगळ्यात भारी तुकडी कोणती’ हा माझ्या मनातला प्रश्न कुठे चुकतो, ते कळायला मला गणिताकडे जावं लागलं.

अशा बहुतेक खेळांच्या तळाशी आपला दगड-कागद-कात्रीचा डाव असतो. घोडेस्वार तिरंदाजांना तुडवतो, भालाईत घोडेस्वाराला अडवतो, आणि तिरंदाज भालाइतांना लांबूनच टिपतो. निसर्गालाही हा डाव ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातल्या एका सरड्याच्या नरांमध्ये गळ्याचे तीन रंग आढळतात. नारिंगी गळ्याचा दांडगट निळ्याला हुसकावतो, निळा आपल्या मादीवर पहारा ठेवून पिवळ्या चोरट्याला दूर ठेवतो, आणि तो चोरटा नारिंग्याच्या मोठ्या हद्दीत गुपचूप शिरतो. बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली यांनी १९९६मध्ये हे मांडलं. तिन्ही रंग आळीपाळीने वाढतात, आणि कायमचा जिंकत कोणीच नाही.

शत्रू काय आणणार हे माहीत नसेल, तर तिन्ही प्रकार सारखे घ्यावेत, इथवर साध्या बुद्धीला पटतं. आता एक बदल करू. समजा, घोडेस्वाराने तिरंदाजाला गाठलं तर नासधूस दुप्पट होते. मग काय जास्त घ्यायचं? दहातले नऊ जण म्हणतील घोडेस्वार, मीही तेच म्हणालो होतो. हिशेब सांगतो की निम्मे भालाईत घ्या आणि घोडेस्वार व तिरंदाज पाव-पाव. ताळा करून पाहा. अशा मिश्रणासमोर घोडेस्वार आणला, तर पाव वेळा तो दुप्पट कमावतो, म्हणजे अर्धा गुण, आणि निम्म्या वेळा एकेक गुण घालवतो, म्हणजे तोही अर्धाच. हाती शून्य. भालाईत किंवा तिरंदाज आणला तरी शून्यच येतं. शत्रूने काहीही केलं तरी तुम्ही सरासरीत तोट्यात जात नाही. घोडेस्वार भारी झाला की त्याला अडवणाऱ्याचा भाव वाढतो, घोडेस्वाराचा नाही! अशा डावांमध्ये दोन्ही बाजूंसाठी असं सुरक्षित मिश्रण असतंच, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८मध्ये सिद्ध केलं.

दुसरा प्रश्न पैशाचा. तेवढ्याच पगारात थोडे पण कसलेले घ्यायचे, की ढीगभर हलके? ह्याचं समीकरण मांडलं फ्रेडरिक लँचेस्टर यांनी. हा मूळचा मोटारगाड्या बनवणारा इंग्रज अभियंता. १९१६च्या त्यांच्या पुस्तकाचा विषय होता युद्धातली विमानं. रशियात ओसिपोव्ह यांनी १९१५मध्ये स्वतंत्रपणे हेच गणित केलं होतं. अंगाला अंग भिडवून लढताना एकाला एकच जण मारू शकतो, त्यामुळे १०० विरुद्ध ५० अशा बरोबरीच्या शिपायांच्या लढाईत पन्नास संपतात आणि पलीकडे पन्नास उरतात. बंदुका असल्या की शंभरच्या शंभर जण एकाच वेळी पन्नासांवर नेम धरतात. मग ताकद संख्येच्या वर्गाने मोजावी लागते. पन्नास संपतात तेव्हा शंभरातले तब्बल ८७ उभे असतात. दुप्पट संख्या, चौपट बळ.

म्हणजे मोकळ्या रानात गर्दी स्वस्त पडते. गर्दीला पसरायला जागाच मिळाली नाही तर?

ह्याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी चक्क खेळातून शोधलं. त्यांनी ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये थोडे बलदंड सरदार आणि पुष्कळ साधे तलवारबाज एकमेकांवर सोडले, आधी मोकळ्या मैदानात आणि मग अडथळ्यांच्या, चिंचोळ्या वाटांच्या रणांगणात. अडथळ्यांत थोड्या बलदंडांचं पारडं जड झालं. तोच प्रयोग मग खऱ्या मुंग्यांवर झाला. एकीकडे तिथली धिप्पाड ‘मीट अँट’, दुसरीकडे बाहेरून येऊन पसरलेली चिमुकली अर्जेंटिनी मुंगी. सपाट तळाच्या पेटीपेक्षा लाकडी पट्ट्या ठेवलेल्या पेटीत चिमुकल्या मुंग्या जास्त मेल्या. हा शोधनिबंध २०२३चा. जंगल मोडून जमीन सपाट केली की बाहेरच्या मुंग्यांना रान मोकळं मिळत असावं, असा संशोधकांचा कयास आहे. मुलं खेळात वेळ घालवतात म्हणणाऱ्यांना मी हल्ली हा निबंध सांगतो.

नागपूरकराला मात्र हे वाचून बर्डी, म्हणजे सीताबर्डी, आठवल्याशिवाय राहत नाही.

२६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या जोड-टेकड्यांवर ब्रिटिश रेसिडेंट जेंकिन्स याच्या रक्षणासाठी लेफ्टनंट कर्नल स्कॉट उभा होता. हाताशी तेराशेंच्या आसपास माणसं, त्यांतले बहुतेक मद्रासी पलटणींचे देशी शिपाई. समोर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांचे अंदाजे अठरा हजार, ३६ तोफा, आणि त्या फौजेत तीन-चार हजार अरब. प्रमाण तेरापटीच्या वर. वर्गाचा नियम लावला तर टेकडीवरचा एकेक शिपाई १६९ जणांच्या तोलाचा हवा होता. एवढा कोणी नसतो. पण खडकाळ चढावर हजारो घोडेस्वारांचा उपयोग काय? भोसल्यांचं सगळ्यात मोठं बळ पायथ्याशीच थिजलं, आणि वर्गाचा नियम तिथेच निकामी झाला.

कामाला आले ते अरब. भाडोत्री, इतर शिपायांपेक्षा महाग, पण बंदूक आणि जंबिया दोन्हींत तरबेज. धाकट्या टेकडीला लागूनच बाजार होता. त्यातल्या घरांच्या आडून त्यांनी रात्रभर मारा केला, सकाळी टेकडी काबीज केली आणि तिथली तोफ थोरल्या टेकडीकडे वळवली. त्या घटकेला लढाई भोसल्यांनी जवळजवळ जिंकली होती. पश्चिमेच्या सपाटीवर मात्र कॅप्टन फिट्झजेराल्डच्या मूठभर बंगाल घोडदळाने धडक मारून दोन तोफा हिसकावल्या. घोडे त्याच्याकडे थोडे होते, पण पायाखाली सपाट जमीन होती. तेवढ्यात टेकडीवर अरबांच्या दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला, आणि गोंधळाचा फायदा घेऊन स्कॉटच्या लोकांनी टेकडी परत घेतली. ईस्ट इंडिया कंपनीच्या ह्या फौजेचा जवळपास चौथा हिस्सा ठार किंवा जखमी झाला होता. हल्ला माझ्या हुकमाने झालाच नाही, असं आप्पासाहेबांनी मागाहून कळवलं. असल्या गोष्टीसाठी लँचेस्टरच्या समीकरणात जागा नाही.

पुढे १६ डिसेंबरच्या दुसऱ्या लढाईत भोसल्यांची फौज मोडली. तरी अरब शहराच्या तटामागे ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर चढवलेला हल्ला त्यांनी परतवला, आणि अखेर वाटाघाट करून, सुखरूप वाट मिळवून ३० तारखेला ते बाहेर पडले. तो जुम्मा दरवाजा म्हणजे आजचं गांधी गेट. भाच्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

त्याला हे सांगितलं. त्याने काही न बोलता दोन बंदूकवाल्या तुकड्या काढल्या, त्यांच्या जागी चिलखतवाले घेतले आणि त्यांना खिंडीत उभं केलं. समोरचे लांडग्यांवर बसलेले स्वार बराच वेळ घिरट्या घालत राहिले.

बर्डीच्या टेकड्यांवरचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे, पण २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला तो सगळ्यांसाठी उघडतात. गेलात तर धाकट्या टेकडीवर उभं राहून थोरलीकडे एकदा बघा, तोफ इथूनच वळवली होती.