सेलविना बोलणारा रेडिओ

रेडिओ म्हटला की त्याला सेल हवेत किंवा विजेची जोडणी हवी, हे आपण गृहीतच धरतो. पण तांब्याची तार, एक गँग कंडेन्सर, एक डायोड आणि कानाला लावायचा इअरफोन एवढ्याच वस्तूंतून असा एक संच तयार होतो, की ज्याला सेलही लागत नाहीत आणि वीजही लागत नाही. त्याला क्रिस्टल सेट म्हणतात. मग त्यातल्या आवाजाला ऊर्जा पुरवतो कोण? प्रक्षेपण केंद्र! तिथल्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरींतील ऊर्जेचा जो अत्यल्प अंश आपल्या एरियलच्या वाट्याला येतो, तेवढ्यावरच इअरफोनचा पडदा हालतो. या संचात विवर्धन मुळीच नाही, म्हणून उधळपट्टीही चालत नाही. संच मुका राहिला, तर ऊर्जा कुठे सांडते आहे ते शोधायचे, हीच त्याची दुरुस्ती.

सुरुवात वेटोळ्यापासून करू. ६३ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळीच्या तुकड्यावर २८ गेजच्या इनॅमल तारेचे ५० वेढे शेजारीशेजारी गुंडाळा. दहा मीटर तार पुरते, थोडी जास्तच घ्या. दर दहा वेढ्यांनंतर तारेला पीळ देऊन एक छोटा फासा बाहेर काढून ठेवा आणि त्यावरचे इनॅमल खरवडून टाका. या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व सुमारे २०० मायक्रोहेन्री भरते. त्याच्या दोन टोकांना ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर जोडा. जुन्या बाजारात मोडक्या व्हॉल्व्ह रेडिओतून तो अजून मिळतो.

वेटोळे आणि कंडेन्सर यांच्यामध्ये विद्युतभार झोपाळ्यासारखा मागेपुढे हेलकावे खातो. दर सेकंदाला किती हेलकावे, म्हणजे त्याची कंप्रता किती, हे काढण्यासाठी प्रवर्तकत्व व धारिता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यायचे, त्याला २π ने गुणायचे आणि १ ला त्या संख्येने भागायचे. २०० मायक्रोहेन्री आणि २०० पिकोफॅरड घेऊन करून पाहा. उत्तर सुमारे ७९६ किलोहर्ट्झ येते. पुणे आकाशवाणीची ७९२ ही मराठी श्रोत्यांच्या कानांत बसलेली संख्या त्याच्या किती जवळ आहे!

आता एरियल. १५ मीटर लांबीची तार शक्य तितक्या उंचावर बांधा, मात्र विजेच्या तारांपासून पूर्ण दूर. वेटोळ्याचे खालचे टोक अर्थला जोडा. एरियल थेट वरच्या टोकाला जोडले, तर आवाज मोठा येतो, पण दोन केंद्रे एकमेकांत मिसळतात. कारण ही तारही जमिनीच्या संदर्भात कंडेन्सरच असते. तिची धारिता सुमारे शंभर पिकोफॅरड भरते, आणि शिवाय ती झोपाळ्याला लोंबकळणाऱ्या मुलासारखी हेलकावे मंदावते. म्हणून ते फासे! एरियल खालच्या फाशाला जोडत गेलात, की आवाज कमी होतो, पण केंद्रे सुटी होतात. मोठा आवाज की स्वच्छ निवड, हा सौदा ज्याचा त्याने ठरवायचा.

वेटोळ्याच्या वरच्या टोकाला डायोड, डायोडनंतर इअरफोन आणि इअरफोनचे दुसरे टोक अर्थला. लहरीचा आयाम आवाजाप्रमाणे कमीजास्त होत असतो. डायोड लहरीची एक बाजू छाटतो, म्हणून इअरफोनला तो चढउतार जाणवतो. डायोड जर्मेनियमचाच घ्या, ओए ७९ किंवा १ एन ३४. तो ०.२ ते ०.३ व्होल्टला वाट देतो. सिलिकॉनच्या साध्या डायोडला ०.६ व्होल्ट लागतात आणि दुबळा संदेश त्याच्या दाराशीच अडतो. पूर्वी हे काम गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक आणि त्याला टेकवलेली बारीक तार करत असे. गॅलेनाच्या अशा शोधकासाठी जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पुढे १९४४ मध्ये इटलीतील अँझिओच्या आघाडीवर सैनिकांनी दाढीचे पाते आणि पेन्सिलीचे शिसे यांवरही भागवले!

सर्वाधिक संच मुके राहतात ते इअरफोनमुळे. मोबाइलच्या इअरफोनचा रोध १६ किंवा ३२ ओहम. तो जोडणे म्हणजे आपल्या झोपाळ्याला ब्रेक लावणेच. २००० ओहमचा हेडफोन हवा, किंवा क्रिस्टल इअरफोन आणि त्याला समांतर ४७ किलोओहमचा रोधक. दोन्ही मिळाले नाहीत, तर मोडक्या ट्रान्झिस्टरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर काढा आणि त्याची जास्त वेढ्यांची बाजू डायोडकडे ठेवा. वेढ्यांचे गुणोत्तर १० असेल, तर ३२ ओहमचा इअरफोन डायोडला ३२०० ओहमसारखा भासतो.

दुसरी गळती अर्थची. जुन्या पुस्तकांत 'पाण्याच्या नळाला तार जोडा' असे लिहिलेले असते. आज घरातले नळ बहुधा प्लॅस्टिकचे, त्यांना जोडून काय उपयोग? हातपंपाचा लोखंडी पाइप उत्तम, नाहीतर ओल्या जमिनीत मीटरभर सळई ठोका. भिंतीतल्या विजेच्या प्लगमध्ये तार कधीही घालू नका, तिसऱ्या छिद्रातही नाही. आणि ढग गडगडू लागण्यापूर्वीच एरियल उतरवून ठेवा.

हा संच मध्यम लहरींसाठी, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झसाठी आहे. एफएमच्या लहरींचा आयाम बदलत नाही, त्यामुळे तो त्यांच्या उपयोगाचा नाही. गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींची काही प्रक्षेपणे बंद झाली आहेत. तेव्हा खर्च करण्यापूर्वी कुणाच्या तरी जुन्या ट्रान्झिस्टरवर आपल्या भागात केंद्र लागते का, हे पाहून घ्या. असा संच करायला परवाना लागत नाही. स्वतः लहरी प्रक्षेपित करायच्या, तर मात्र परीक्षा देऊन हॅमचा परवाना मिळवावा लागतो.

संच बोलू लागला, की वहीत नोंदी ठेवा: कोणता फासा, कंडेन्सर किती फिरवला, कोणते केंद्र, किती वाजता. हीच नोंद रात्रीही करा. ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा जो वातावरणाचा थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो, तो सूर्यास्तानंतर विरतो. मग लहरी त्याहून वरच्या थरांवरून परावर्तित होतात आणि दिवसा न लागलेले दूरचे एखादे केंद्र कधी कधी कानावर येते.