उष्ण कटिबंधी चक्रवात : २०२० हे वर्ष

उष्ण कटिबंधातील महासागरांवर निर्माण होणाऱ्या, केंद्राशी अत्यंत कमी वातावरणीय दाब असलेल्या आणि केंद्राभोवती प्रचंड वेगाने वारे फिरत असणाऱ्या वादळी अभिसरणास उष्ण कटिबंधी चक्रवात (चक्री वादळ) म्हणतात. अटलांटिक महासागरात व पूर्व पॅसिफिकमध्ये अशा तीव्र वादळास ‘हरिकेन’, पश्चिम पॅसिफिकमध्ये ‘टायफून’, तर हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियाच्या भोवतालच्या समुद्रांत ‘सायक्लोन’ ही संज्ञा आहे. नावे भिन्न असली, तरी आविष्कार एकच होय. जगात दरवर्षी सरासरीने सु. ८५ चक्रवात नाव देण्याइतपत तीव्र होतात. २०२० साली ही संख्या शंभराहून किंचित अधिक झाली आणि ते वर्ष सर्वाधिक चक्रवातांच्या वर्षांत गणले गेले. त्याच वर्षी कोविड-१९ची जागतिक साथ पसरली होती. त्यामुळे वादळापासून बचावासाठी माणसांना एकत्र आणावे, की साथीपासून बचावासाठी त्यांना दूर ठेवावे, असा पेच अनेक देशांच्या प्रशासनांपुढे उभा राहिला.

निर्मिती : चक्रवाताच्या निर्मितीस समुद्रपृष्ठाचे तापमान सु. २६·५° से. किंवा त्याहून अधिक असावे लागते आणि ही उष्णता पृष्ठभागाखाली पुरेशा खोलीपर्यंत असावी लागते. उष्ण पाण्यावरील आर्द्र हवा वर चढते, तिच्यातील जलबाष्पाचे मेघबिंदूंत रूपांतर होते व मुक्त झालेल्या सुप्त उष्णतेमुळे ती हवा अधिकच वर जाते. परिणामी खालच्या थरात दाब उतरतो आणि सभोवतालची हवा केंद्राकडे धावू लागते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उद्‌भवणारी कोरिऑलिस प्रेरणा या हवेस वळविते. म्हणून उत्तर गोलार्धात वारे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने व दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने केंद्राभोवती फिरतात. विषुववृत्तावर ही प्रेरणा शून्य असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंच्या सु. ५° अक्षांशांच्या पट्ट्यात चक्रवात क्वचितच निर्माण होतात. उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात व दिशेत मोठा फरक पडत असेल, तर ऊर्ध्वगामी प्रवाहांचा स्तंभ तुटतो आणि वादळ जोर धरू शकत नाही. भर पावसाळ्यात अरबी समुद्रावर व बंगालच्या उपसागरावर तीव्र चक्रवात विरळा आढळतात, त्याचे कारण हेच होय. मॉन्सूनपूर्व काळ (एप्रिल ते जूनचा प्रारंभ) व मॉन्सूनोत्तर काळ (ऑक्टोबर ते डिसेंबर) हे येथील चक्रवातांचे दोन ऋतू आहेत.

नामकरण व तीव्रतेचे मापन : जागतिक वातावरणविज्ञान संघटनेच्या योजनेनुसार प्रत्येक सागरी विभागासाठी नावांच्या याद्या तयार केलेल्या असतात. उत्तर हिंदी महासागराच्या जुन्या यादीतील अखेरचे नाव ‘अम्फान’ (थायलंडने सुचविलेले) मे २०२० मध्ये वापरले गेले. तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावे देऊन सिद्ध केलेली १६९ नावांची नवी यादी एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यातील पहिले नाव ‘निसर्ग’ हे बांगला देशाने सुचविलेले होते.

निरनिराळ्या देशांनी दिलेले वाऱ्याचे वेग परस्परांशी ताडून पाहताना सावधगिरी बाळगावी लागते. अमेरिकेत एक मिनिटाची, भारतात तीन मिनिटांची, तर जपानमध्ये दहा मिनिटांची सरासरी घेतात. जितका कालावधी लहान तितका आकडा मोठा येतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार वाऱ्याचा वेग ताशी ६२ ते ८८ किमी. असल्यास ‘चक्री वादळ’, ८९ ते ११७ किमी. असल्यास ‘तीव्र चक्री वादळ’ आणि २२२ किमी. किंवा अधिक असल्यास ‘महाचक्रीवादळ’ म्हणतात. मधल्या वेगांसाठी आणखी दोन वर्ग आहेत.

उत्तर हिंदी महासागर : या विभागात २०२० साली पाच चक्री वादळे झाली. त्यांपैकी अम्फान हे सर्वांत प्रबळ होते. १६ मे रोजी बंगालच्या उपसागराच्या आग्नेय भागात नाव धारण केलेले हे वादळ दोनच दिवसांत महाचक्रीवादळ बनले. त्यातील वाऱ्याचा वेग ताशी सु. २४० किमी.पर्यंत गेला. १९९९ च्या ओडिशा वादळानंतर बंगालच्या उपसागरात उद्‌भवलेले हे पहिलेच महाचक्रीवादळ होय. किनाऱ्याजवळ येताना त्याचा जोर उतरला, तरी २० मे रोजी दुपारी सुंदरबनाजवळ त्याने किनारा ओलांडला तेव्हा वेग ताशी १५५ ते १६५ किमी. होता. सुंदरबनातील मातीचे बांध फुटून खारे पाणी शेतांत व गोड्या पाण्याच्या तळ्यांत शिरले. कोलकात्यात हजारो वृक्ष उन्मळून पडले आणि शिबपूर येथील वनस्पतिउद्यानातील सुप्रसिद्ध वटवृक्षाचीही हानी झाली. नुकसान सु. १,४०० कोटी डॉलरांचे होते. उत्तर हिंदी महासागरातील कोणत्याही चक्रवाताने तोपर्यंत इतकी वित्तहानी केली नव्हती.

मनुष्यहानी मात्र भारत, बांगला देश व श्रीलंका मिळून सव्वाशेच्या आसपास राहिली. याच किनाऱ्यावर १२ नोव्हेंबर १९७० रोजी आलेल्या भोला चक्रवातात तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली होती आणि १९९९ च्या ओडिशा वादळात सु. १०,००० बळी गेले होते. हा फरक वादळाच्या प्रकृतीमुळे पडलेला नसून मुख्यतः वेळेवर मिळालेल्या पूर्वसूचनेमुळे व स्थलांतरामुळे पडलेला आहे. अम्फानच्या वेळी एकट्या बांगला देशात सु. २४ लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. साथीमुळे निवाऱ्यांत नेहमीइतकी माणसे ठेवता येत नव्हती. म्हणून शाळा व अन्य इमारती निवाऱ्यांसाठी खुल्या करण्यात आल्या.

अम्फाननंतर दोन आठवड्यांच्या आत अरबी समुद्रात ‘निसर्ग’ हे तीव्र चक्री वादळ निर्माण झाले. ३ जून रोजी दुपारी ताशी ११० ते १२० किमी. वेगाने ते अलिबागच्या दक्षिणेस श्रीवर्धन–दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे वादळ थडकणे ही अत्यंत विरळ घटना आहे. मुंबई शहर थोडक्यात वाचले, परंतु रायगड जिल्ह्यात व रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात घरांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. नारळ, सुपारी व आंबा यांच्या बागा भुईसपाट झाल्या. भाताचे पीक बुडाल्यास शेतकरी पुढील हंगामात पुन्हा पेरणी करू शकतो. नारळ-सुपारीच्या बागायतदारास मात्र नव्या झाडांना फळ धरेपर्यंत अनेक वर्षे वाट पाहावी लागते. त्यामुळे बळींची संख्या अल्प असूनही या वादळाचा आर्थिक आघात वादळानंतरही दीर्घकाळ जाणवत राहिला.

नोव्हेंबरमध्ये ‘गती’ हे वादळ २२ तारखेस सोमालियाच्या ईशान्य किनाऱ्यावर गेले. त्या देशाच्या किनाऱ्यावर आलेले ते नोंदींतील सर्वांत प्रबळ वादळ होय. रुक्ष प्रदेशातील काही भागांत वर्षभराच्या सरासरीहून अधिक पाऊस दोन दिवसांत पडला. ‘निवार’ने २५–२६ नोव्हेंबरच्या रात्री पुदुच्चेरीजवळ किनारा ओलांडला आणि ‘बुरेवी’ २ डिसेंबर रोजी श्रीलंकेत त्रिंकोमालीच्या उत्तरेस पोहोचले.

अटलांटिक महासागर : या महासागरात वर्षभरात ३० वादळांना नावे मिळाली व २००५ चा उच्चांक मोडला गेला. त्यांपैकी १४ वादळे हरिकेनच्या तीव्रतेस पोहोचली. इंग्रजी वर्णाक्षरांनुसार केलेली २१ नावांची यादी १८ सप्टेंबर रोजी संपली आणि दुसऱ्यांदा ग्रीक वर्णांची नावे द्यावी लागली. ही पद्धत गोंधळ उत्पन्न करते असे आढळून आल्याने जागतिक वातावरणविज्ञान संघटनेने मार्च २०२१ मध्ये ती कायमची बंद केली. ‘लॉरा’ हे हरिकेन २७ ऑगस्ट रोजी ताशी सु. २४० किमी. वेगाने लुइझिॲना राज्याच्या किनाऱ्यावर आदळले. वादळानंतर वीज नसल्याने लोकांनी जनित्रे वापरली आणि त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडामुळेही अनेकांना प्राण गमवावे लागले. सहा आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर रोजी, ‘डेल्टा’ हे हरिकेन लॉराच्या मार्गापासून केवळ सु. २० किमी. अंतरावर त्याच राज्यात आले.

वर्षातील सर्वांत दारुण घटना मध्य अमेरिकेत घडल्या. ३ नोव्हेंबर रोजी ‘ईटा’ने निकाराग्वाच्या ईशान्य किनाऱ्यावर आघात केला आणि अवघ्या तेरा दिवसांनी ‘आयोटा’ हे त्याहून प्रबळ हरिकेन जवळजवळ त्याच ठिकाणी आले. पहिल्या वादळाच्या संथ गतीमुळे हाँडुरस व ग्वातेमाला येथे अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले व डोंगर खचले होते. भिजून सैल झालेल्या त्याच भूमीवर दुसऱ्या वादळाचा पाऊस पडला. दोहोंत मिळून दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. कोलंबियाच्या प्रोव्हिडेन्सिया बेटावरील जवळजवळ सर्व इमारतींची हानी झाली.

पॅसिफिक महासागर : अटलांटिकमध्ये उच्चांक होत असता पश्चिम पॅसिफिक तुलनेने शांत होता. तेथे २३ वादळांना नावे मिळाली. ही संख्या सरासरीपेक्षा कमी आहे. १९५१ पासूनच्या नोंदींत जुलै महिना एकाही नामांकित वादळाशिवाय प्रथमच गेला. तरीही याच विभागातील ‘गोनी’ हा टायफून त्या वर्षीचा जगातील सर्वांत प्रबळ चक्रवात ठरला. १ नोव्हेंबर रोजी तो फिलिपीन्सच्या कॅटान्डुआनेस बेटावर आदळला. अमेरिकन मापनानुसार त्याचा वेग ताशी ३१५ किमी., तर जपानी मापनानुसार २२० किमी. होता. जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते. दहा-अकरा दिवसांनी आलेला ‘वाम्को’ हा टायफून वेगाने गोनीच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. परंतु त्याच्या पावसाने मारिकिना व कागायान या नद्यांना महापूर आले आणि त्यातील मृतांची संख्या गोनीपेक्षा अधिक झाली. व्हिएटनाममध्ये ऑक्टोबरात एकामागून एक आलेल्या वादळांमुळे पूर व दरडी यांत दोनशेहून अधिक बळी गेले. कोरियन द्वीपकल्पास ऑगस्टअखेर व सप्टेंबरच्या प्रारंभी दोन आठवड्यांत ‘बाव्ही’, ‘मायसाक’ व ‘हायशेन’ या तीन टायफूनांचा उपद्रव झाला.

पूर्व पॅसिफिकमधील ‘अमांडा’ हे वादळ ३१ मे रोजी ग्वातेमालात शिरले. भूप्रदेश ओलांडल्यावर त्याच्या अवशेषांतून मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूस ‘क्रिस्टोबाल’ हे अटलांटिक वादळ तयार झाले.

दक्षिण गोलार्ध : येथील चक्रवातांचा ऋतू दोन वर्षांत विभागला जात असल्याने जुलै ते जून असे वर्ष मोजण्याची पद्धत आहे. २०२० या पंचांगवर्षात ‘डेमियन’ ८ फेब्रुवारी रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आले. ‘हॅरोल्ड’ने ६ एप्रिल रोजी व्हानुआटूमधील एस्पिरितू सांतो बेट उद्‌ध्वस्त केले व पुढे फिजी आणि टाँगा यांना तडाखा दिला. व्हानुआटूत तेव्हा कोविडचा एकही रुग्ण नव्हता. रोग येऊ नये म्हणून सीमा बंद होत्या. परदेशी मदत पथकांना प्रवेश मिळाला नाही व मदतसामग्रीही काही काळ विलग ठेवावी लागली. डिसेंबरात ‘यासा’ने फिजीतील व्हानुआ लेवू बेटावर आघात केला आणि वर्षाच्या अखेरीस ‘चालाने’ हे वादळ मोझँबीकमध्ये बैरा बंदराजवळ पोहोचले.

कारणमीमांसा : २०२० च्या उत्तरार्धात विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये ‘ला निना’ ही स्थिती निर्माण झाली. त्या स्थितीत मध्य व पूर्व पॅसिफिकचे पृष्ठजल नेहमीपेक्षा थंड असते. कॅरिबियन समुद्र व अटलांटिक यांवर खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांमधील तफावत कमी होते व वादळांच्या वाढीतील अडथळा दूर होतो. त्यात अटलांटिकचे पाणीही सरासरीपेक्षा उष्ण होते. एका महासागरात वादळे वाढत असता दुसऱ्यात ती कमी का झाली, याचा उलगडा यावरून बऱ्याच अंशी होतो.

जागतिक तापमानवाढीशी या वर्षाचा संबंध जोडताना विवेक आवश्यक आहे. केवळ वादळांच्या संख्येवरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण उपग्रहांमुळे पूर्वी नजरेतून सुटणारी अल्पजीवी वादळेही आता नोंदली जातात. जगातील चक्रवातांची एकूण संख्या निश्चितपणे वाढली आहे, असे दिसून आलेले नाही. तथापि गेल्या चार दशकांत अतितीव्र चक्रवातांचे प्रमाण वाढले असण्याचा संभव आहे, असे हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ मधील अहवालात म्हटले आहे. हवेचे तापमान १° से. वाढल्यास तिची जलबाष्पधारणक्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे चक्रवातांतील पाऊस वाढतो. समुद्रपातळी उंचावल्याने वादळी लाटाही अधिक आत शिरतात. अम्फान, आयोटा व गोनी यांप्रमाणे थोड्या अवधीत तीव्र होणारी वादळे पूर्वसूचनेच्या दृष्टीने विशेष धोक्याची असतात, कारण स्थलांतरास मिळणारा वेळ कमी होतो.

महत्त्व : वाऱ्याचा वेग हे चक्रवाताच्या संहारकतेचे एकमेव माप नव्हे, हे या वर्षाच्या घटनांवरून स्पष्ट होते. गोनीपेक्षा वाम्को व वेगवान वाऱ्यांपेक्षा ईटाचा संथ पाऊस अधिक घातक ठरला. पूर्वसूचना, निवारे व स्थलांतर यांच्या साहाय्याने, साथीच्या काळातही, प्राणहानी मोठ्या प्रमाणावर टाळता येते हे बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर सिद्ध झाले. मात्र बांध, घरे, बागा व जमीन यांना स्थलांतर करता येत नाही. वाचलेल्या माणसाची उपजीविका कशी वाचवावी, हा प्रश्न सुंदरबनातील शेतकऱ्यापुढे व श्रीवर्धनच्या बागायतदारापुढे सारखाच उभा आहे.