पडद्यावरील अक्षरांचे माप

छापील पानावरील अक्षराचे माप एकदा ठरले म्हणजे कायमचे ठरते. जुळाऱ्याने १२ पॉइंटांचा खिळा उचलला की प्रत्येक प्रतीत अक्षर तेवढेच उमटते. संगणकाच्या पडद्याचे तसे नाही. १२ पॉइंटांचे म्हणून मागितलेले अक्षर एका पडद्यावर ठसठशीत दिसते, तर दुसऱ्यावर मुंगीएवढे. असे का होते, हे समजून घेणे वाचनप्रेमी माणसाच्या हिताचे आहे.

रायपूरच्या तात्यापारा भागात आमचे घर आहे. मी हिंदीतून मराठीत अनुवाद करतो. याच शहरात १९२६ साली निधन पावलेल्या माधवराव सप्रे यांनी लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद केला, तेव्हा अनुवादकापुढे कागद असे; अक्षर बारीक वाटले तर पान डोळ्यांजवळ धरता येत असे. माझ्या टेबलावर एक जुना पडदा होता. त्याच्या जागी मी मोठा, २७ इंची आणला. आठवड्यातच मुद्रिते तपासताना 'घन'चे 'धन' झालेले माझ्या नजरेतून सुटले. सत्तरी ओलांडलेली आई दुपारी याच पडद्यावर मराठी पुस्तके वाचत असे. तिने चष्मा तपासून घेतला. नंबर बदललेला नव्हता. तरीही ती म्हणाली, "आता माझं वाचन संपलं." दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता. तो मापाचा होता.

पडदा म्हणजे सूक्ष्म प्रकाशबिंदूंची जाळी होय. जुन्या २४ इंची पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू होते, म्हणजे इंचाला सुमारे ९२. नव्या पडद्यावर ३८४० आणि २१६० बिंदू आहेत, म्हणजे इंचाला सुमारे १६३. विंडोज ही प्रणाली मात्र १०० टक्के मापावर असताना इंचाला ९६ बिंदू आहेत असे गृहीत धरते. पॉइंट हा इंचाचा ७२वा भाग. म्हणून १२ पॉइंटांच्या अक्षराला ती १६ बिंदूंची उंची देते. जुन्या पडद्यावर हा हिशेब जवळपास बरोबर ठरत असे. नव्या पडद्यावर तेच १६ बिंदू इंचाच्या दहाव्या भागात मावतात, आणि १२ पॉइंटांचे अक्षर प्रत्यक्षात ७ पॉइंटांचे होऊन बसते.

देवनागरीला ही काटकसर विशेष बाधते. तेवढ्याच उंचीत शिरोरेषा, तिच्यावरील मात्रा व अनुस्वार, मधले अक्षर आणि खालचा उकार असे सर्व काही बसवावे लागते. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतील मुख्य फरक शिरोरेषेपाशीच असतो. 'सुत' आणि 'सूत' यांना वेगळे करणारी खूणही अक्षराच्या पायाशी, अगदी लहान जागेत असते.

यावर अनेकजण बिंदुसंख्या, म्हणजे रिझोल्यूशन, कमी करतात. अक्षर मोठे होते खरे, पण पुसट होते. ३८४० बिंदूंच्या जाळीवर २५६० बिंदूंचे चित्र पसरले, तर चित्रातील एका बिंदूला जाळीतील दीड बिंदू व्यापावा लागतो. अर्धा बिंदू उजळता येत नाही. म्हणून रेषेच्या कडेला करडी छटा पसरते. योग्य उपाय म्हणजे बिंदुसंख्या मूळचीच ठेवून प्रमाण, म्हणजे स्केल, वाढविणे. १७५ टक्क्यांवर त्याच अक्षराला २८ बिंदू मिळतात. ते पुन्हा सुमारे १२ पॉइंटांचे होते, आणि जादा बिंदूंमुळे त्याची वळणेही रेखीव उमटतात.

कृती सोपी आहे. पडद्याच्या रिकाम्या भागावर माउसचे उजवे बटण दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे. दोन पडदे जोडलेले असल्यास त्यांची चित्रे १ व २ अशा आकड्यांनी दिसतात. त्यांतील हवा तो पडदा आधी निवडावा, कारण प्रत्येकाचे प्रमाण स्वतंत्र असते. 'रिझोल्यूशन'पुढे जेथे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असेल तोच आकडा ठेवावा. मग 'स्केल' एकेक पायरीने वाढवावे, आणि प्रत्येक वेळी नेहमीच्या बैठकीतून जोडाक्षरांनी भरलेला एखादा परिच्छेद वाचून पाहावा. एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये अक्षरे धूसर दिसल्यास एकदा साइन आउट करून पुन्हा प्रवेश करावा. बहुधा ती सुधारतात.

प्रमाण वाढले की पडद्यावर एका वेळी कमी मजकूर मावतो, एवढी किंमत मोजावी लागते. पडदा पुस्तकापेक्षा दूर असतो, हेही विसरू नये. म्हणून छापील मापाहून थोडे मोठे अक्षर ठेवण्यात संकोच नसावा. मी १७५ टक्क्यांवर काम करतो. दुपारी आई बसली की तेच प्रमाण २०० करतो. तिचे अर्धे राहिलेले पुस्तक आता पूर्ण झाले आहे. वाचन सुटू लागले तर डोळ्यांची तपासणी अवश्य करावी. परंतु वयाला दोष देऊन पुस्तक मिटण्यापूर्वी अक्षराचे मापही एकदा तपासून पाहावे.