जनावर घरी आणायची गाडी

बाजारात म्हैस पसंत पडली. दात पाहिले, कास पाहिली, चार पावले चालवून पाहिली. दलालाने रुमालाखाली बोटे धरली आणि सौदा ठरला. पैसे मोजून दिले, दावे हातात आले. आता काम झाले असे आपल्याला वाटते. पण म्हैस अजून बाजारातच उभी आहे. ती घरी यायची आहे.

पूर्वी याचा फारसा विचार करावा लागत नसे. सांगोल्याचा रविवारचा बाजार असो, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीत भरणारा बाजार असो, नाहीतर सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेतला असो, घेतलेले जनावर पायी घरी येई. माणूस पुढे, जनावर मागे. वाटेत ओढ्यावर पाणी पाजायचे, रात्री ओळखीच्या गावात मुक्काम करायचा. आता त्याच वाटांवर मोठे रस्ते झाले. मोटारी सुसाट जातात, जनावर बुजते. आणि दोन दिवस चालायला वेळ कोणाला आहे? तेव्हा गाडी करावी लागते. गाडी करताना आपण एकच प्रश्न विचारतो, "भाडं किती?"

आम्हीही तेवढेच विचारले होते.

२०११ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होतो. घरचे दूध असावे म्हणून पतपेढीचे कर्ज काढले आणि एका बाजारातून पंढरपुरी म्हैस घेतली. सहा महिन्यांची गाभण होती. बाजाराबाहेर पिकअप गाड्या उभ्या होत्या. एकाने एकट्या म्हशीचे भाडे चौदाशे रुपये सांगितले. दुसरा म्हणाला, "गुरुजी, आणखी तिघांची जनावरं त्याच वाटेनं चाललीत. तुमची म्हैस त्यांच्यातच घालतो. चारशे द्या." हजार रुपये वाचले म्हणून आम्ही खूश झालो.

गाडीचा तळ नुसत्या पत्र्याचा होता. त्यावर काडीसुद्धा पसरलेली नव्हती. थोड्याच वेळात शेणामुताने तो निसरडा झाला असणार. आम्ही पुढे चालकाशेजारी बसलो होतो. एका गतिरोधकावर चालकाने जोरात ब्रेक दाबला आणि मागे धप्पकन आवाज झाला. आम्ही विचारले, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही, जनावर हलतंय." आम्ही ते खरे मानले. खाली उतरून पाहिले नाही. घरी येऊन फळका उघडला तेव्हा आमची म्हैस आडवी पडलेली होती. बाकीच्या तिघींचे पाय तिच्या अंगावर होते. पंढरपुरी म्हशीची शिंगे केवढी लांब, ती तुम्हाला ठाऊकच आहेत. शेजारणीच्या शिंगाने तिच्या बरगडीवर वीतभर जखम झाली होती. बारा दिवसांनी ती आपल्या पायांवर उभी राहिली, पण गाभ गेला. कर्जाचे हप्ते आम्ही पगारातून फेडले.

पुढे एक दिवस तशीच एक पिकअप शाळेसमोर उभी राहिली. आम्ही टेप आणून तिचा हौदा मोजला. लांबी ९ फूट, रुंदी साडेपाच फूट. म्हणजे साडेएकोणपन्नास चौरस फूट. त्यात चार म्हशी. एकीच्या वाट्याला सव्वाबारा चौरस फुटांपेक्षा किंचित जास्त जागा. आता तुमच्या घरातली बाज मोजा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद धरली तर अठरा चौरस फूट झाली. माणसाच्या बाजेपेक्षाही लहान जागेत आम्ही गाभण म्हैस उभी केली होती! जन्मभर मुलांना क्षेत्रफळाची उदाहरणे घातली आणि बाजारात स्वतःला एक घातले नाही.

तर गाडी ठरवताना भाड्याच्या आधी हौदा मोजावा. सरकारने १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीचे नियम केले. त्यांत गाय, बैल, म्हैस अशा मोठ्या जनावरामागे निदान दोन चौरस मीटर जागा सांगितली आहे. आपल्या मापाने ती सुमारे साडेएकवीस चौरस फूट होते. पुढे मोटार वाहनांच्या नियमांतही हेच माप आले. ते २०१६ पासून लागू झाले. त्यांत आणखी असे म्हटले आहे, की गाडीत पक्के कप्पे हवेत आणि प्रत्येक जनावर आपल्या कप्प्यात एकटे उभे हवे. अशा गाडीला परिवहन कार्यालय जनावरांसाठी वेगळा परवाना देते. जनावरांबरोबर दुसरा माल भरायचा नाही.

आता हिशेब करू या. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो, त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद. झाले सव्वातेहतीस चौरस फूट. त्यात मोठे जनावर एकच. पिकअपमध्ये दोन. सतरा फूट लांब, सात फूट रुंद ट्रक असेल तर एकशे एकोणीस चौरस फूट, म्हणजे पाच. ट्रक याहून मोठा असला तरी सहापेक्षा जास्त मोठी जनावरे भरायची नाहीत, असा नियमच आहे. चालक म्हणेल, "दाटीनं भरलं की जनावर पडत नाही, एकमेकांना टेकून राहतं." हे अनेकांच्या तोंडी आहे. आम्हालाही तेव्हा पटले होते. पण दाटीत एकदा पडलेल्या जनावराला उठायला जागाच नसते. त्याची गत काय होते ते वर सांगितलेच.

जागेच्या खालोखाल महत्त्वाचा तळ. जनावर प्रवासभर उभे असते. चार पायांवर तोल सांभाळत असते. खूर पत्र्यावर ठरत नाही. म्हणून पत्र्यावर लाकडी फळ्या किंवा काथ्याची चटई हवी. वरून वाळलेले पाचट, भुस्सा नाहीतर काड पसरावे. आपल्या ऊस-पट्ट्यात पाचटाला काय तोटा! बाजारला जातानाच दोन पोती भरून न्यावे. हौद्याच्या बाजू बुटक्या असतील तर वर मजबूत जाळी बसवलेली असावी. ती जनावराच्या पाठीच्या बरीच वर यायला हवी. आतून कुठे खिळा, तुटका पत्रा, बाहेर आलेला बोल्ट आहे का, हे हात फिरवून पाहावे. डोळ्यांना न दिसलेले हाताला लागते. कडेला गवत भरलेली पोती बांधली म्हणजे वळणावर बरगडीला मार बसत नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीविषयी लोक विचारतात. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढा या भागांतल्या चारा छावण्यांत पुष्कळ जनावरे ट्रॉलीतूनच गेली. वेळ तशी होती. पण आमचे मत विचाराल तर लांबच्या वाटेला ट्रॉली नकोच. बहुतेक ट्रॉल्यांना पाटे नसतात. रस्त्यातला प्रत्येक खड्डा जनावराच्या गुडघ्यात जातो. दोन चाकांच्या ट्रॉलीत जनावरे मागे सरकली की जोडाकडचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक्टरला हिसके बसतात. नाइलाजाने न्यायचीच झाली तर जनावर चाकांच्या पुढे बांधावे, हळू जावे आणि मोठा रस्ता टाळावा.

इंग्लंड-अमेरिकेत शेतकरी मोटारीमागे जोडायची जनावरांची खास गाडी ठेवतात. तिचा तळ जमिनीजवळ असतो. मागचा फळका खाली सोडला की तोच उतार होतो आणि जनावर आपल्या पायांनी चढते. तळाला रबर असते. ती गाडी आपल्याला परवडणार नाही. पण तिचा उतार आपल्याला परवडतो. गाडी बांधाला किंवा मातीच्या उंचवट्याला मागून टेकवून लावली, मधल्या फटीवर जाड फळी टाकली की झाला उतार. घरी पोचल्यावर उतरवायची जागाही आधीच पाहून ठेवावी. शेपूट पिरगाळून चढवलेले आणि उडी मारायला लावून उतरवलेले जनावर आम्ही फार पाहिले. खुबा निखळतो तो अशाच वेळी.

आत आल्यावर जनावराचे तोंड शक्यतो इंजिनाकडे करावे. नियमही तेच सांगतो. वेसणीला बांधू नये. हिसका बसला की नाक फाटते. म्होरकीला बांधावे आणि सुरगाठ मारावी. निरगाठ मारली आणि जनावर पडले तर दावे सुटता सुटत नाही, गळफास बसतो. दावे इतकेच ठेवावे की मान हलेल पण पाय अडकणार नाही. अनोळखी दोन खिलार बैल एका कप्प्यात कधीही घालू नयेत. ती जात तापट आहे. गाभण जनावरांत कालवडी, वासरे मिसळू नयेत.

शेळ्या-मेंढ्यांना दर नगामागे सुमारे सव्वातीन चौरस फूट जागा लागते, म्हणजे पिकअपमध्ये पंधरा. त्यांचे पाय बांधून टाकू नयेत. बोकड आणि शेळ्या वेगळ्या ठेवाव्यात.

मग येते ऊन. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. म्हशीचे कातडे काळे आणि तिला घाम गायीपेक्षा कमी येतो, म्हणून तिला उन्हाचा त्रास अधिक. पहाटे निघावे आणि ऊन चढण्याआधी घर गाठावे. गाडी चालू असते तोवर वारा लागतो. चालक चहाला थांबला की वारा बंद. तेव्हा थांबायचेच असेल तर झाडाखाली. निघण्याआधी वैरण-पाणी झालेले असावे. वाटेसाठी पाण्याची घागर, बादली आणि कडब्याची पेंढी बरोबर असावी. हौद्याजवळ जनावराचा राखणदार हवा. दर तासाला गाडी थांबवून त्याने मागे पाहावे. आवाज आला तर लगेच पाहावे. चालकाच्या शब्दावर राहू नये.

कागदांचे सांगायचे म्हणजे, तुम्ही आता वाचायला शिकला आहात, तेव्हा हे दुसऱ्यावर सोडू नका. बाजार समितीची खरेदीची पावती घ्या. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. ते एकेक करून वाचा आणि पावतीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. एक आकडा चुकला तरी वाटेत पोलिसांनी अडवल्यावर जनावर तुमचे आहे हे तुम्हालाच पटवावे लागेल. जनावर प्रवासाला धड आहे, असा पशुवैद्यकाचा दाखला घ्या. गाडीचा क्रमांक आणि ठरलेले भाडे वहीत लिहून ठेवा. २०२२ साली लम्पी रोग पसरला तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार आणि वाहतूक काही काळ बंद होती. असा काही हुकूम चालू आहे का, हे निघण्याआधी दवाखान्यात विचारावे. घटसर्पासारखा रोग प्रवासाच्या शिणाने उफाळतो. म्हणून त्याची लस दोन-तीन आठवडे आधी टोचलेली असेल असे जनावर पाहून घ्यावे. विकणाऱ्याला तसे विचारायला लाजू नये.

हे सारे पाहून गाडी केली तर भाडे जास्त पडते, हे खरे आहे. एकट्याला जड जात असेल तर त्याच वाटेचा एक जोडीदार शोधावा आणि पिकअपमध्ये दोनच जनावरे घालावीत. भाडे निम्मे होते. आम्ही २०१४ साली दुसरी म्हैस अशीच आणली. सोबतीला शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याची गाय होती. दोघींच्या मध्ये जाड बांबू बांधला होता. पाचटाची तीन पोती पसरली होती. आम्ही पुढे बसलो नाही, मागे उभे राहिलो. कंबर दुखली, पण म्हैस पडली नाही.

घरी आल्यावर फळका उघडून तिला थोडा वेळ तशीच उभी राहू द्यावी. पायांना मुंग्या आलेल्या असतात. मग उतरवावी आणि सावलीत बांधावी. आधी पाणी थोडे थोडे दाखवावे, मग वैरण टाकावी. आंबोण लगेच भरपूर घालू नये. गोठ्यातल्या जुन्या जनावरांपासून तीन आठवडे वेगळी बांधावी. तिची बादलीही वेगळी ठेवावी.