चार चतकोर भाकरी आणि एक पाळणा

जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलच्या दारात रात्री उभं राहिलं, की लालबुंद सळई रुळांमधून सापासारखी सळसळत बाहेर पडताना दिसते. आठ एमएम, दहा एमएम, बारा एमएम. बांधकामावरच्या माणसाला ही मापं तोंडपाठ असतात. आता तीच बारा एमएमची जाडी डोळ्यांपुढे ठेवा आणि एखाद्या छोट्या मोटारीच्या पुढच्या चाकामागे वाकून बघा. तिथेही साधारण तेवढ्याच जाडीची एक सळई आहे, फक्त वेटोळं घातलेली, म्हणजेच स्प्रिंग. गाडीचा पाव भाग, म्हणजे जवळपास अडीच क्विंटल, तिच्यावर रात्रंदिवस बसलेला असतो आणि ती हूं की चूं करत नाही.

वाटतं, स्प्रिंगचं पोलाद बांधकामाच्या टीएमटी सळईपेक्षा खूप ताठ असणार. तसं मुळीच नाही! सारख्याच मापाच्या दोन सळयांना सारखाच भार दिला, तर दोन्ही जवळजवळ सारख्याच वाकतात. फरक पुढे दिसतो. स्लॅबमधली ‘एफई ५००’ सळई दर चौरस मिलिमीटरला साधारण ५०० न्यूटनच्या ताणानंतर वाकली की वाकलेलीच राहते. सिलिकॉन, मँगेनीज, क्रोमियम मिसळून पाणी दिलेलं स्प्रिंगचं पोलाद त्याच्या दुपटीहून जास्त ताण सोसून परत आपल्या जागी येतं. दोघींचा ताठपणा एकच, स्मरणशक्ती मात्र वेगळी.

त्याहून गंमत म्हणजे स्प्रिंग दबते असं आपण म्हणतो खरं, पण तिच्यातली सळई दबत नसते, ती पिळली जात असते. ओला पंचा पिळावा तसा प्रत्येक वेढा आतल्या आत पीळ खातो. आणि पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरची सळई १३ ची केली, तर डोळ्यांना फरकही कळणार नाही, पण स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी कडक झालेली असते. एका मिलिमीटरची ही करामत. म्हणूनच ‘जरा हेवी स्प्रिंग टाकू’ हे वाक्य ऐकायला जितकं साधं, तितकं ते परिणामात साधं नाही.

आणि हे वाक्य हल्ली जालन्यातही ऐकू येतं. कुणी सेकंडहँड पोलो जीटी घेतलेली असते, कुणाकडे टियागो जेटीपी असते, कुणाची आय-ट्वेंटी एन लाइन. एमएच-२१ ची पाटी, टर्बो इंजिन, आणि गावाला खेटून गेलेला समृद्धी महामार्ग, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. इंजिन पळतं, पण वळणावर गाडी कलते, लाटेवर डुलते. मग पहिला विचार येतो गाडी खाली बसवण्याचा आणि कडक करण्याचा. खिसा मात्र मर्यादित. पैसा आधी कुठे घालावा, हे समजायचं तर आधी पाळण्याकडे वळावं लागेल.

‘जालना सोने का पालना’ असं या गावाला जुने लोक म्हणत आले. गाडीच्या बाबतीत तर पाळणा अक्षरशः खरा आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी जितकी दबते, तितक्याच लांबीच्या दोरीला एक दगड टांगा. दगडाचा झोका आणि गाडीचा झोका यांची लय एकच येते. गाडी केवढी, स्प्रिंग कुठल्या कंपनीची, काही विचारायची गरज नाही. २५ सेंटिमीटर दबली तर सेकंदाला एक झोका. ११ सेंटिमीटर दबली तर दीड. सव्वासहा दबली तर दोन. घरची आरामशीर गाडी सेकंदाला एक ते दीड झोक्यांच्या आसपास असते, खेळकर गाडी दीडच्या पुढे, आणि शर्यतीची गाडी दोनच्याही पलीकडे.

घरातला पाळणा दोन मीटर दोरीवर टांगला, तर एक झोका पुरा व्हायला जवळपास तीन सेकंद घेतो. गाडीला ती लय द्यायची, तर स्प्रिंग दोन मीटर दबायला हवी, म्हणजे आधी गाडीखाली विहीर खणावी लागेल! आणि दिलीच तरी बाळासारखी झोप लागणार नाही. वरखाली होणारी इतकी संथ लाट पोटात ढवळून आणते, समुद्रावरच्या होडीसारखी. दुसऱ्या टोकाला, सेकंदाला चार ते आठ वेळा बसणारे वरखाली हादरे माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त झोंबतात, कारण पोटातले अवयव त्याच लयीत थरथरू लागतात. आरामाची जागा या दोन टोकांच्या मधली, अगदी चिंचोळी आहे.

ही लय पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांत कशी वाटून द्यायची, हे १९३०च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने शोधलं. एका गाडीवर वजनं इकडून तिकडे सरकवत त्याने माणसांना बसवून फिरवलं. उत्तर चकित करणारं होतं. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी जलद हवी. कारण ताशी ६० च्या वेगात पुढचं चाक खड्ड्यावरून गेल्यावर मागचं चाक साधारण ०.१५ सेकंदाने तिथे पोचतं. मागचा झोका उशिरा सुरू होतो, म्हणून त्याला थोडी घाई हवी, म्हणजे तो पुढच्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी मागेपुढे न डुलता एकसंध वरखाली होते. पुढे जाड स्प्रिंग आणि मागे मूळचीच ठेवली, की ओलीने जुळवलेला हा ताल आपण मोडतो.

पण पाळणा एकदा हलवला की हलतच राहतो. त्याला थांबवायला हात लागतो. गाडीत तो हात म्हणजे शॉकअप. नाव शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलं तरी धक्का झेलते स्प्रिंग. शॉकअपचं काम त्यानंतरचं डोलणं गिळायचं. आत तेल असतं, दट्ट्याला बारीक भोकं आणि पातळ पत्र्याच्या झडपा असतात. तेल त्या फटींतून ढकललं जातं आणि गाडीच्या उड्यांमधली शक्ती उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो, तो तुम्ही न खाल्लेल्या धक्क्यांमुळे! भारतात गॅब्रिएलने हे काम मुंबईच्या मुलुंडमध्ये १९६१ साली सुरू केलं. आणि जालन्याहून तासा-दीड तासावर, वाळूजच्या एन्ड्युरन्सच्या कारखान्यांत दुचाकींचे शॉकअप बनतात.

आता ती १३ मिलिमीटरची स्प्रिंग परत आणू. ती जुन्याच शॉकअपवर बसवली, तर झोका १७ टक्क्यांनी जलद होतो, पण त्याला आवरणारा हात हिशेबाने १५ टक्क्यांनी दुबळा पडतो. गाडी कडकही होते आणि उड्याही मारते. पैसे देऊन दोन्ही दुखणी विकत घेतल्यासारखं.

मग वळणाचं काय? इथे चतकोर भाकरी येते. हजार किलोच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर २५० किलो, हवेचा दाब ३२ पीएसआय. भागाकार केला तर टायर जमिनीला टेकतो तो साधारण ११० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर भाकरीच्या एका चतकोराएवढा. ब्रेक, वेग, वळण, पावसातली पकड, आपला जीव, सगळं या चार चतकोरांवर. सस्पेन्शनचं खरं काम एकच, हे चारही चतकोर तव्याला चिकटल्यासारखे जमिनीवर ठेवायचं.

वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. हजार किलोची गाडी, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर, चाकांमधली रुंदी दीड मीटर, आणि वळणाचा जोर गुरुत्वाच्या ६० टक्के. सरकतात २०० किलो, म्हणजे मोसंबीचे दोन क्विंटल. विश्वास बसणार नाही, पण स्प्रिंग मऊ असो की कडक, हे एकूण वजन जवळपास तेवढंच सरकतं. कडक स्प्रिंगने कलणं कमी होतं, वजनाची हलवाहलव नाही. गाडी ३ सेंटिमीटर खाली बसवली तर? २०० चे १८८ होतात. फायदा फक्त बारा किलोंचा. त्यासाठी सरळ ३ सेंटिमीटर उंची गेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गोल गतिरोधकच १० सेंटिमीटर उंच असतो, आणि गावोगावचे हौशी गतिरोधक काही शिफारशी वाचून बांधलेले नसतात.

शिवाय आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब, असतो. तिथे गाडी खाली आली की तिचा कलण्याचा मध्यबिंदू वजनाच्या मध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. कलायला लावणारी तरफ उलट लांब होते. म्हणजे खाली बसलेली गाडी दिसते चिकटून, आणि कलायची ओढ तिला आधीपेक्षा जास्त!

कडक गाडी सपाट ट्रॅकवर शोभते, पण आपला रस्ता तसा नाही. समृद्धी सोडून अंबड, भोकरदन किंवा मंठ्याकडे वळलात, की खाली काळी माती. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा होतो. सेकंदाला १.३ झोक्यांची गाडी ताशी ८० ने जात असेल, तर १७ मीटरची लाट तिला नेमक्या तालात झोके देते. समृद्धीवर ताशी १२० ला हीच लाट जवळपास २५ मीटरची. आणि उखडलेल्या डांबरावर अतिकडक गाडीचं चाक उडतं. हवेतल्या टायरची पकड शून्य. चतकोर भाकरी तव्यावरून उचललीच गेली, मग ती कितीही चांगल्या पिठाची असो.

हे एवढं लक्षात आलं, की खर्चाचा क्रम आपोआप लागतो. सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे टायरमधली योग्य हवा. मग अलाइनमेंट. चाकाची दिशा अर्ध्या अंशाने चुकली, तर ते दर किलोमीटरला जवळपास ९ मीटर आडवं घासत जातं, आणि आपण रबर झिजवत पेट्रोल जाळतो. त्यानंतर चांगले टायर, कारण चतकोर त्यांचाच. मग गाडीखाली जाऊन बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट, स्ट्रटचं माउंटिंग तपासा. जुन्या गाडीचं ‘ढिलं सस्पेन्शन’ बऱ्याचदा फाटलेल्या रबरी बुशमध्येच सापडतं. ते बदलल्यावर गाडी इतकी ताजी वाटते, की पुढची यादी काही काळ विसरायला होते.

त्यापुढे नवे, चांगले शॉकअप, आणि तेही दोन्ही बाजूंचे जोडीने. खर्चाची खरी जागा हीच. मग जमलं तर जाड स्टॅबिलायझर बार. ही डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी सळई. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती नुसती फिरते, एकच गेलं तर पीळ खाते. म्हणजे सरळ गतिरोधकावर आराम तसाच, आणि वळणावर ताठपणा. पण पुढचा बार जाड केला तर गाडी वळणाबाहेर सरकू पाहते, मागचा केला तर शेपूट सुटू पाहतं. म्हणून थोडकंच.

स्प्रिंग शेवटी, आणि मूळच्यापेक्षा किंचितच कडक, त्याच शॉकअपला जुळणारी. उंची कमी-जास्त करता येणारे स्वस्त कॉइलओव्हर लांबच ठेवलेले बरे. स्वस्तात त्यांचा रंगच चांगला निघतो. ‘भाऊ, एक राउंड कापून देतो, फुकटात खाली बसेल,’ असं कुणी म्हणालं तर हात जोडा. सहापैकी एक वेढा कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, आधीच थकलेल्या शॉकअपवर भार येतो, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की कापलेलं टोक आपल्या बैठकीतून निसटू शकतं. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल गाडीत करू देत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

एक परीक्षा घरीच करता येते. बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर द्या आणि सोडा. गाडी वर आली आणि जरा खाली येऊन स्थिरावली, तर पाळण्याजवळचा हात जागा आहे. दोन-तीनदा डुलत राहिली, तर तो हात झोपला आहे. स्प्रिंगांची जाहिरात बघण्याआधी त्याला उठवा.